खर्जाची पेटी

माझा धाकटा भाऊ स्टेजवर उभा राहिला की हलत नाही. गाणारी नाचते, गिटारवाला उड्या मारतो, ड्रमवाला घामाघूम होतो, आणि हे ध्यान गळ्यात बेस गिटार अडकवून बसची वाट बघत असल्यासारखं उभं. म्हणून बँडमध्ये त्याला खांब म्हणतात. आता त्याच्या मुलीच्या मैत्रिणीसुद्धा खांबकाका म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही म्हणजे आपलं काम चोख झालं, असं तो म्हणतो.

मी सोफ्यांची कव्हरं शिवते. माल पोचवायला माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे, आणि व्हॅनवाल्या बहिणीचं जे व्हायचं तेच माझं झालं. ह्याची पेटी न्यायची, आणायची, जिन्यावरून उतरवायची, सगळं माझ्या गळ्यात. पेटी म्हणजे गाणं शिकायची पेटी नव्हे हो, स्पीकरची. बेस गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही ऐकू जात नाही. ती आधी अ‍ॅम्पमध्ये जाते, तिथं आवाज मोठा होतो, मग पेटीतून बाहेर येतो. ह्याचा जुना अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात होते. वजन म्हणाल तर फ्रिज परवडला. मी कुरकुर करत उचलायचे, पण उचलायचे. तो माझा लाडका आहे, त्याला मी काय करणार?

तर मागच्या वर्षापासून त्यानं एकच धोशा लावला. "ताई, आवाज पोकळ झालाय."

"म्हणजे कसा?"

"वरचा येतो, खालचा येत नाही. बोट तारेवर पडतं त्याचं टकटक ऐकू येतं, पण सूर नाही. पोट काढून घेतल्यासारखा."

मला तर पोटच पोट ऐकू यायचं. तालमीच्या खोलीत खिडकीचं तावदान थरथरायचं. पण मी पडले उशा-गाद्यांतली बाई, मला काय कळतंय, असं म्हणून गप्प बसले. तो दर तालमीला आवाज वाढवत गेला. गाणारी म्हणाली, माझं मलाच ऐकू येत नाही. ड्रमवाला म्हणाला, ह्याचा बेस माझ्या दातांत घुमतोय. त्यावर हा आपला शांतपणे अ‍ॅम्पचं बटण आणखी थोडं पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "अजून येत नाही."

बँड मास्तरांचा. कीबोर्डही तेच वाजवतात. मास्तर चिडले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात, अगदी छातीतून बोलतात, आणि मग समोरचा माणूस हमखास घाबरतो. माझा भाऊ मात्र घाबरेनासा झाला होता. मास्तर मागून काही म्हणाले की हा वळूनही बघायचा नाही. "फार शेफारलाय," मास्तर मला म्हणाले. मला राग आला, कारण माझा भाऊ काहीही असेल, शेफारलेला नाही.

त्यातच एका मोठ्या हॉटेलचं काम यायच्या बेतात होतं. तिथल्या हॉलमध्ये दर आठवड्याला वाजवायचं, कायमचं. मॅनेजर आधी एकदा सगळा बँड ऐकणार आणि मग ठरवणार. मास्तरांनी भावाला समोर बसवलं आणि सांगितलं, "तोवर तुझा आवाज सुधार. नवा अ‍ॅम्प आण, पेटी आण, काय करायचं ते कर. नाहीतर बेस मी डाव्या हातानं काढीन."

हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर डाव्या हातानं बेस वाजवता येतो, पुष्कळ बँड तसंच भागवतात. पाच माणसांऐवजी चार माणसं, बस. आणि बँड गेला तर माझ्या भावाकडे राहणार काय? दिवसभर छापखान्यात कागद कापायचे, संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघायचं. हा माणूस बाकी कशात रमतच नाही. सिनेमा नको, पत्ते नकोत, भांडणसुद्धा नको. मला धडकीच भरली.

मग सगळे दोष शोधायला लागले. ड्रमवाला म्हणाला, वायर बदल. बदलली. गाणारी म्हणाली, तारा जुन्या झाल्या असतील. नव्या घातल्या. कोणी म्हणालं, पेटी खुर्चीवर ठेव, कोणी म्हणालं, कोपऱ्यात ढकल. मी तर पेटीची पाठ उघडून आतला फोम उपसला आणि आपल्या हातानं नवा बसवला. वाजवणारी माणसं अशीच असतात. आवाज बिघडला की तारेपासून प्लगपर्यंत सगळं उसवून बघतील, पण साखळीतलं शेवटचं टोक आपल्या डोक्याला लागलेलं आहे हे त्यांच्या डोक्यात येणार नाही. आणि मीही त्यांच्यातलीच झाले होते.

ह्याच्याकडे तर पुरावाच होता. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो अ‍ॅम्प न लावता वाजवतो. खाली मान घालून गिटारच्या वरच्या शिंगाला, म्हणजे लाकडाच्या पुढे आलेल्या टोकाला, हनुवटी टेकवायची, म्हणजे लाकडातला आवाज थेट जबड्यात येतो. बेसवाले असं करतातच. मलाही एकदा त्यानं करायला लावलं होतं. खरंच, डोक्यात कोणी तंबोरा धरल्यासारखं वाटतं.

"बघ, इथं सगळा आवाज आहे," तो हनुवटी टेकवून म्हणायचा. "भरलेला, गोल. म्हणजे हात बरोबर, तारा बरोबर, गिटार बरोबर. मग पेटीतून का येत नाही? पेटीच खोटी."

मग आम्ही गेलो दुकानात.

वाद्यांचं दुकान एका लांबट गाळ्यात होतं. पुढे गिटारी टांगलेल्या, मागे पेट्यांची भिंत, मध्ये एक काचेचं कपाट. दुकानदार म्हातारा होता, केस पिकलेले, आवाज खर्जातला, आणि घाई नावाला नाही. मी त्याला विचारलं, "एका खोक्यात मिळत नाही का सगळं? माझ्या कंबरेचा विचार करा."

तो हसला. म्हणाला, "बाई, वेगळंच घ्या. हेड, म्हणजे नुसता अ‍ॅम्प, वेगळं, पेटी वेगळी. हेड काखेत मारता येतं हल्ली. फक्त दोघांचं जमलं पाहिजे. पेटीवर ओहम लिहिलेले असतात, हेडला झेपतील तेवढेच घ्यायचे. नाहीतर हेड तापून बसतं."

"लग्नासारखंच की," मी म्हटलं.

मग त्यानं एकेक जोडून दाखवायला सुरुवात केली. आधी पंधरा इंचांचा एकच मोठा स्पीकर असलेली पेटी. त्यात आवाज जाड येतो, जरा आळशी, असं तो म्हणाला. भावानं वाजवलं. माझ्या चपलांखालची फरशी घुमली. भाऊ म्हणाला, "पोकळ." मग दहा-दहा इंचांचे चार स्पीकर असलेली. ह्यात प्रत्येक सूर सुटा आणि चटकन येतो. भावानं वाजवलं. "चटचट येतंय, पण खाली काही नाही." मग दुकानदारानं दोन्ही पेट्या एकावर एक चढवल्या, मोठं हेड लावलं. पहिल्याच सुराला काचेच्या कपाटातल्या बासऱ्या एकमेकींवर आपटायला लागल्या. पलीकडच्या दुकानातला माणूस दारात येऊन उभा राहिला. दुकानदारानं एक कान हातानं झाकला.

भाऊ बटण फिरवत होता. "अजून येत नाही," तो पुटपुटला.

दुकानदार त्याच्या मागे उभा होता. त्यानं विचारलं, "तुम्हाला नक्की कसा आवाज हवाय?" भावानं मान वर केली नाही. त्यानं पुन्हा विचारलं. काही नाही. मला वाटलं, झालं, ह्यालाही वाटणार शेफारलाय. त्या दणक्यानं मी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले होते, तिथूनच साध्या आवाजात म्हटलं, "अरे, ते काय विचारतायत?"

भाऊ लगेच वळला. "काय गं ताई?"

मी दारात, बारा पावलांवर. दुकानदार त्याच्या खांद्याशी. आणि ह्याला ऐकू आली ती मी.

एकेक गोष्ट जुळायला लागली आणि मला ती जुळायला नको होती. ह्याच्या घरी सगळ्या बायका. बायको, मुलगी, येऊन-जाऊन मी. आमचे आवाज वरचे, ते ह्याला पोचतात. छापखान्यात यंत्रांपायी सगळेच ओरडून बोलतात. ऐकू येत नाहीत ते मास्तर, ऐकू येत नाही तो दुकानदार. आणि हल्ली हा स्वतः इतका हळू बोलायला लागला होता की आम्ही म्हणायचो, वयानं शहाणपण आलं.

मी पुढे गेले. "गिटार त्यांच्याकडे दे," म्हटलं. "तू तिकडे तोंड करून उभा राहा आणि नुसतं ऐक."

दुकानदारानं गिटार घेतली. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो माझ्याकडे न बघता मान खाली घालून तारेकडे बघत राहिला. त्यानं सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. तो सूर अख्ख्या दुकानात पसरला. कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. माझ्या छातीत, दाढांत, सगळीकडे तो होता.

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. थोडा वेळ थांबून म्हणाला, "वाजवा ना."

तो वळला. दुकानदाराचं बोट तारेवर होतं, तार अजून थरथरत होती, आणि ती थरथर त्याला दिसली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तो त्या चार स्पीकरांच्या पेटीवर हळूच बसला, जणू पेटी मोडेल. "कधीपासून वाजतंय?" त्यानं विचारलं. मला रडू फुटलं. मी सहसा रडत नाही, चिडते, पण त्या दिवशी मला चिडायला कोणी सापडेना.

मी त्याला दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई होत्या, त्यामुळे त्या जे जे म्हणाल्या ते ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. कानातलं एक इवलंसं हाड घट्ट होत चाललंय. खालचे आवाज आधी अडतात, वरचे मागाहून. जबड्यातून गेलेला आवाज मात्र त्या वाटेनं जात नाही, म्हणून तो पोचतो. एका कानाचं ऑपरेशन करून बघता येईल, खात्री नाही. दुसऱ्याचा आतला भागच इतकी वर्षं मोठ्या आवाजापुढे उभं राहून झिजलाय. आणि काही केलं तरी स्टेज बंद. भावानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "हॉटेलचं एवढं होऊ दे."

"अरे पण—"

"ताई, मास्तरांना सांगू नकोस. हात चालतायत माझे. सूर लावायचं यंत्र आहे, त्यावर दिवा लागतो. ठेका ड्रमवाल्याच्या पायावरून दिसतो. कुठं बोट ठेवायचं ते मला पाठ आहे. फक्त पेटी बरोबर पाहिजे. ती तू निवड."

"मी? मला कापडातलं विचार."

"तुझे कान आहेत," तो म्हणाला.

मी त्याला घेऊन पुन्हा दुकानात गेले आणि त्याच्यासाठी पेटी निवडली. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कधी काही ऐकलं नव्हतं. दुकानदार वाजवत होता, मी डोळे मिटून उभी होते, आणि भाऊ प्रत्येक पेटीच्या फळीवर तळहात ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. शेवटी मी चार स्पीकरांची घेतली आणि तिच्यावर एक मध्यम, काखेत मावणारं हेड. भरलेला, गोल, प्रत्येक सूर सुटा. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, हॉटेलात वाजवून बघा, मग ठरवू." बटणं कुठं ठेवायची तिथं त्यानं खडूनं बारीक खुणा केल्या. बाहेर पडताना त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. भावानं माझ्याकडे बघितलं. "शुभेच्छा देतायत," मी सांगितलं.

हॉटेलच्या हॉलमध्ये जाड गालिचा होता. स्टेज छोटं, त्यामुळे पेटी मास्तरांच्या कीबोर्डला अगदी चिकटून ठेवावी लागली आणि भाऊ तिच्यापुढे चार पावलं उभा राहिला. मॅनेजर समोर खुर्ची टाकून बसले. मी मागे, दाराजवळ. सकाळीच त्यानं नव्या तारा चढवल्या होत्या, आवाज ताजा यावा म्हणून. यंत्रावर सूर लावला, हिरवा दिवा लागला, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि काय सांगू, मला अभिमान वाटला. तो आवाज मी निवडला होता. सगळ्यांच्या खालून तो असा आला की गाणारीचा गळासुद्धा मोठा झाल्यासारखा वाटला. ड्रमवाल्यानं भुवया उंचावल्या. मास्तर चक्क हसले. मी मनात म्हटलं, निभावलं.

दुसऱ्या गाण्यात कुठंतरी जाड तार उतरली. नव्या तारा ताणून बसेपर्यंत उतरतात, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. पूर्वी त्याला अर्ध्या सुराचा फरक पडायच्या आत कळायचं आणि गाणं चालू असतानाच तो खुंटी पिळायचा. आज गाणी एकापाठोपाठ एक होती, मध्ये यंत्राकडे बघायला वेळ नव्हता. त्याची बोटं बरोबर जागी पडत होती आणि सूर चुकीचा येत होता, आणि पेटी इतकी चांगली होती की तो चुकीचा सूर हॉलच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पोचत होता. गाणारी अडखळली. मॅनेजरांनी कपाळाला आठी घातली.

"खांबा, तार," मास्तर मागून म्हणाले. मग पुन्हा, छातीतून, "तार बघ."

भाऊ वाजवत राहिला.

मास्तर क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला दिसलं, त्यांना कळलं. मग त्यांनी डावा हात लांब केला आणि हेडचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत मागे फिरवलं. तोच हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर आला आणि बेस पुन्हा सुरू झाला, सुरात. मॅनेजरांच्या कपाळावरची आठी गेली.

मी जागची हलले नाही. ओरडले असते तर पाचही जणांचं काम गेलं असतं. मी नुसती बघत होते. भाऊ वाजवत होता. त्याचं लक्ष ड्रमवाल्याच्या पायावर होतं, ड्रमवाला त्याच्याकडे बघायचं टाळत होता. तिसरं, चौथं, पुढची सगळी. तो असा वाजवत होता की विचारू नका. एकही बोट चुकलं नाही. एका गाण्याला तर हा खांब हलायला लागला, खांदे डोलायला लागले. असं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मॅनेजर उठून मास्तरांशी हात मिळवायला गेले. काम पक्कं झालं. भाऊ पेटी ढकलत व्हॅनकडे गेला, आणि मास्तर माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"ताई, शनिवारपासून आम्ही चौघंच," ते म्हणाले. "तुम्ही सांगा त्याला. मी सांगितलेलं त्याला ऐकू यायचं नाही."

मी व्हॅनमध्ये बसले. भाऊ शेजारी येऊन बसला, त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो हसत होता. "काय म्हणाले मास्तर?"

मी सांगितलं. सगळं, बटणासकट. लपवून काय करणार होते? शनिवारी त्याला कळणारच होतं, आणि मग कोणी सांगितलं असतं? तो समोरच्या काचेतून बघत ऐकत होता. शब्दन्‌शब्द त्याला ऐकू येत होता.

"कितव्या गाण्यापासून?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्या."

त्यानं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी हळू, आता तो बोलतो तसा, म्हणाला, "तिसरं फार चांगलं वाजवलं होतं गं मी."